जानव्याला बांधलेली किल्ली

सेतूच्या वहीत मी पंधरा दिवसांचे खोटे आकडे लिहिले. तेही तिसऱ्याच दिवशी, मैलापूरच्या एका कॉफी हॉटेलात बसून, पुढच्या तारखांसकट. सेतू जाऊन आता पाच आठवडे झाले... त्याच्याबद्दल लिहायचं तर दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

सेतुमाधवराव तंजावरचा. मी पुण्याहून मद्रासला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आलो तेव्हा विभागात मराठी बोलणारा तो एकटाच, आणि ते मराठी असं की पहिले दोन महिने मला वाटे, हा माझी थट्टा करतोय. शब्द तीनशे वर्षांपूर्वीचे, चाल तमिळ. माझं बोलणं ऐकून त्यालाही हसू येई. त्याचा विषय बॅटरीचा. नुसता पडून राहिलेला सेलही बसल्या जागी मरतो, आतलं जस्त आपोआप झिजत जातं. ते झिजणं थांबवायचं, हा त्याचा ध्यास. मागच्या एका अरुंद खोलीत त्याने काचेच्या बारा बरण्यांत बारा सेल मांडले होते. रोज दुपारी तीनला प्रत्येकाला व्होल्टमीटर लावायचा, अडकलेला काटा सुटावा म्हणून मीटरच्या काचेवर नखाने दोन टिचक्या मारायच्या, आकडा लिहायचा. खोलीची किल्ली एकच, आणि ती त्याच्या जानव्याला बांधलेली.

पहिल्याच वर्षी त्याचे वडील आजारी असल्याची तार आली. निघताना घाईघाईने त्याने वही माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी ऊन फार होतं, दुसऱ्या दिवशी क्रिकेट. तिसऱ्या दिवशी कॉफी पिताना माझ्या लक्षात आलं की आकडे हळूहळू उतरणारच आहेत, मग रोज जाऊन बघायचं काय? लिहून टाकले. खोटं खरं वाटावं म्हणून थोडी कलाकुसरही केली: नवव्या दिवशी सात नंबरचा सेल एकदम खाली पाडला, दहाव्या दिवशी पुन्हा वर चढवला. स्वतःवर इतका खूश झालो की आणखी एक कॉफी मागवली. पुढे वडील गेल्याचं कार्ड आलं, त्याचा मुक्काम लांबला, तेव्हा पंधराच्या पुढचे दिवसही त्याच टेबलावर भरले.

सेतू परतला तो डोक्याचा गोटा करून. उभ्याउभ्याच वही वाचू लागला आणि नवव्या दिवसापाशी थांबला.

"हें किती वाजतां पाहिलास?"

"तीनलाच," मी म्हणालो.

त्याने वही मिटली. मग शांतपणे सांगितलं, की वडील त्याच दिवशी गेले, तीन वाजता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. त्या दिवसापासून सेतू सातव्या बरणीचा झाला. तेच जस्त, तेच द्रावण, तीच जागा, पाच वर्षं. बाकीच्या अकरा बरण्यांवर प्रबंध सहज झाला असता, गाइड तसं म्हणतही होते, पण हा लिहायलाच बसेना. माझा प्रबंध झाला, अड्यारला नोकरी लागली, तो अजून टिचक्या मारत होता. आज सांगून टाकू, असं ठरवून मी कितीदा तरी तीनच्या सुमाराला तिथे गेलो. तो टिचक्या मारी आणि काट्याकडे न बघता माझ्याकडे बघत राही. मला वाटे, माझं मत विचारतोय. मी मतही देत असे.

मग त्याला कावीळ झाली. इस्पितळात शेवटच्या दुपारी त्याने जानवं वर ओढलं, किल्ली सोडली, माझ्या हातावर ठेवली. "सातवी पाहून ये. ह्या खेपेस किल्ली घेऊन जा."

जिना अर्धा उतरल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खेपेस किल्ली त्याने मला दिलीच नव्हती. ती त्याच्याबरोबर तंजावरला गेली होती. आणि मला ती मागायचीही गरज पडली नव्हती...

तीन वाजता मी खोलीत होतो. खिडकी बंद, वारा नाही. सातव्या बरणीला तारा लावल्या. काटा नेहमीच्या जागी चढला, थांबला, आणि मग कशालाही हात न लावता खाली आला, पार शून्यापाशी. टिचकी मारायला मी बोट उचललं. काचेवर दोनदा आवाज झाला. माझं बोट अजून हवेतच होतं. काटा परत चढला. तारा तपासल्या, घट्ट होत्या. आकडा लिहिला, वेळ लिहिली. चारला इस्पितळात पोचलो तेव्हा सेतूला जाऊन तास झाला होता.

काल किल्ली आणि वही परत द्यायला त्याच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे गेलो. त्यांच्याकडेच तो राहायचा. त्या म्हणाल्या, वडिलांच्या क्रियेत भटजींनी अपसव्य सांगितलं, सेतूने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं तशी किल्ली छातीवर आपटली, आणि तशातही त्याला हसू आलं: पुणेकर दाराबाहेर उभा असेल बिचारा. परत येऊन बघतो तर वही भरलेली. मग त्याने मला जाब का नाही विचारला? अक्कांनीही त्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "विचारलें तर तो माफी मागेल. मग नवव्या दिवसाचें कोणाला विचारूं?"

मग मी सगळं सांगितलं. हॉटेल, कॉफी, आणि त्या दुपारचा काटा, तो आवाज. वही उघडून शेवटचा आकडा पुढे केला. किल्ली आमच्या दोघांच्या मध्ये झोपाळ्यावर पडली होती, जानव्याचा पिवळा दोरा अजून तिच्यात अडकलेला. अक्कांनी चष्मा लावला. आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहत राहिल्या, अगदी सेतूसारख्या.

"आणि हा," त्या म्हणाल्या, "हा कोणत्या होटेलांत बैसून लिवलास?"