डावीकडच्या सीटवर बसलेले उस्ताद

गाडी चालू असताना फोन उचलायचा नाही, ही सवय मला माझ्या उस्तादांनी, वामनकाकांनी लावली. त्यामुळे ते गेल्याची बातमी मला उशिराच कळली. त्याला आता दीड-दोन महिने होतील. हिंगणघाटहून ट्रकमध्ये सरकीच्या ढेपीची पोती भरून मी नागपूरकडे येत होते. बुटीबोरीच्या अलीकडे चहाला थांबले, कप्प्यातून फोन काढला, तर काकांच्या मुलाचे, प्रवीणचे, एकामागोमाग एक मिस्ड कॉल. मी उलट फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मागे बायकांचा आवाज येत होता, कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग प्रवीण म्हणाला, "आई म्हणून राहिली, वंदनाले सांग, घाई नोको करू. गाडी आरामात आण. आम्ही थांबतो." ज्या घरात नुकतंच माणूस गेलं आहे त्या घरातून मला असा निरोप येत होता... मी चहा तसाच ठेवला, तोंडावर पाणी मारलं, आणि खरोखर आरामात गाडी आणली. दिवसा शहरात आमच्या गाड्यांना मनाई असते, म्हणून ती रिंगरोडला लावून ऑटोने नंदनवनला पोचले. गल्लीच्या तोंडापासून ड्रायव्हर लोक उभे होते. मला पाहून त्यांनी वाट करून दिली. ही वाट मुळात मला करून दिली ती काकांनी, हेच मला त्या क्षणी सुचत होतं.

मी आधी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. प्रताप नगरातली बरीचशी पोरं माझ्या व्हॅनमधून लहानाची मोठी झाली. मग कोरोनात शाळा बंद पडल्या, त्या इतक्या दिवस बंद राहिल्या की व्हॅन दारात उभी राहून गंजायला लागली आणि शेवटी काढून टाकावी लागली. मला दुसरं काही येत नव्हतं. चालवणं येत होतं, आणि आवडत होतं. घरात मी एक दिवस सांगून टाकलं की मी मोठ्या गाडीचं लायसन काढते. नवरा इलेक्ट्रिकचं काम करतो, बोलतो कमी. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "ट्रक?" मी म्हटलं, "ट्रक." तो म्हणाला, "शिकवणारा नीट पाहजो." तेवढंच. शिकवणारे तीन ठिकाणी पाहिले. एकाने मला सरळ सांगितलं की लायसन काढून देतो, शिकायची भानगड कशाला. दुसऱ्याने हसून घेतलं. तिसरीकडे मैदानात एक जुना सहाचाकी उभा होता आणि त्याच्या सावलीत, पायजमा-सदऱ्यातला एक उंच, वाळका माणूस पायावर पाय टाकून बसला होता. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी पहिल्या दिवशी "सर" म्हणाले, तर म्हणाले, "सर शाळेत असते. मले काका म्हण."

पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडीला हातच लावू दिला नाही. स्वतः वर जाऊन बसले आणि मला गाडीभोवती चालायला लावलं. मी समोर आले की वरून सांगायचे, "दिसून राहिली." बाजूला आले की, "दिसून राहिली." डाव्या चाकाच्या पुढे आले तेव्हा काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी मला वर बसवलं आणि स्वतः खाली उतरून फिरायला लागले. डावीकडे, पुढच्या चाकाजवळ, तो सहा फुटी माणूस नाहीसा झाला. मी आरशात पाहिलं, वाकून पाहिलं. कुठेच नाही. खालून शांत आवाज आला, "मी दिसून राहिलो का?"

"नाही दिसत, काका."

"म्हंजे मी मेलो."

मी दचकले. ते वर आले, धाप लागली होती, गुडघा धरून बसले आणि म्हणाले, "गिअर-क्लच कोणालेही येते वं. हे जे दिसत नाही ना, त्याच्यासाठी शिकावं लागते. व्हॅनमंदी तू पोरं पाहात होती. आता न दिसणारं पाहा." त्या दिवशी एवढंच शिकवलं. घरी नवऱ्याने विचारलं काय शिकलीस, तर म्हटलं, गाडी सुरूही नाही केली. पण मी योग्य माणसाकडे आले आहे, हे कळलं होतं.

ते कधी ओरडत नसत. इतर शिकवणाऱ्यांचे आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचे, शिव्याही असायच्या. काका मात्र माझी चूक झाली की हळू आवाजात विचारायचे, "आता का झालं, सांग." काय चुकलं ते मला माझ्याच तोंडून सांगावं लागे. एकदा मानेवाड्याच्या चौकात, ऐन गर्दीत, गाडी बंद पडली. सिग्नल सुटलेला, मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. स्टार्टर मारते तर क्लच सुटतो, गाडी गचका खाते आणि पुन्हा बंद. एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "बाईले काहून देता गा ट्रक?" काकांनी दार उघडलं आणि खाली उतरले. मला वाटलं, आता हे मला उठवणार आणि स्वतः बसणार. आरशात पाहते तर ते लंगडत मागे गेले, गाडीच्या पाठीशी उभे राहिले, आणि एक हात वर करून सगळी गर्दी अडवून धरली. उन्हात, बिनटोपीचे. तिथूनच मला हाक मारली, "निवांत घे. कोणी नाही येत मागून." सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मी पाणी प्यायले, श्वास घेतला, गाडी उचलली. माझ्या आयुष्यात तोवर माझ्यासाठी रस्ता असा कोणी अडवला नव्हता.

लायसन मिळालं, पण काम मिळेना. कळमना बाजारापासून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत मी फिरले. कोणी नाही म्हणायचं नाही, फक्त "सांगतो" म्हणायचे. एक शेठ जरा बरे होते. त्यांनी खरं ते सांगितलं, "ताई, तुम्ही चालवता, मान्य. पण बाजूला अनुभवी माणूस नसेल तर मी माल नाही देऊ शकत." मी हे काकांना सहज म्हणून सांगितलं. त्यांचं वय झालं होतं, गुडघा गेला होता, लांबच्या फेऱ्या त्यांनी कधीच सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते एक पिशवी घेऊन शेठच्या ऑफिसात हजर. "हिच्या बाजूले मी बसतो," म्हणाले. शेठना वाटलं ते चालवणार. काका म्हणाले, "नाही. गाडी ती चालवणार. मी क्लीनर."

हे काय होतं ते या धंद्यातल्या माणसालाच पुरतं कळेल. उजवीकडची सीट उस्तादाची, डावीकडची क्लीनरची. माणूस डावीकडून उजवीकडे जातो, उलट कोणी येत नाही. आणि ज्यांच्या हाताखालून निम्मं नागपूर शिकून गेलं, ते वामनकाका डावीकडे बसून दारावर हात आपटत "येऊ दे, येऊ दे" करत मला गाडी मागे घ्यायला लावायचे. सावनेरच्या पुढच्या ढाब्यावर त्यांच्या जुन्या ओळखीचा एक ड्रायव्हर भेटला. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "क्या उस्ताद, इस उमर में क्लीनरी?" आजूबाजूला हसू फुटलं. मी ताटात पाहात राहिले. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "हां भाई. ड्रायव्हर अच्छा मिला तो सोचा, कर लेते हैं." हसणं तिथेच थांबलं. नंतर गाडीत मी विचारलं, "काका, माझ्यासाठी काहून इतकं करता?" ते म्हणाले, "माह्या उस्तादानं मले पाना फेकून मारत शिकवलं. मी शिकलो, पण कितीक वर्स गाडीत बसलो का पोटात गोळा येत होता. तवाच ठरवलं होतं, आपल्या हातून कोणी असं शिकलं नाही पाहिजे." आणि मला विचारलं, "तुह्या पोटात येते का गोळा?" मी म्हटलं, "आता नाही येत." ते म्हणाले, "मंग झालं."

असे कितीतरी महिने गेले. एकदा छिंदवाड्याहून मका भरून परत येत होतो. सकाळची वेळ, धुकं नुकतंच वर गेलेलं. घाट सुरू होतो तिथे एक चहाची टपरी आहे. काका म्हणाले, "थांबव." मी थांबवली. ते उतरले, दार लावलं आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तू हो पुढे. मी चाय पिऊन येतो मागून. खाली सौंसरच्या अलीकडे पंपाजवळ थांब." मला वाटलं गंमत करतात. माल भरलेला, पुढे सगळा उतार, आणि हा घाट मी त्यांच्याशिवाय कधी उतरले नव्हते. मी म्हटलं, "काका, पुढच्या खेपेला..." ते म्हणाले, "चढताना जो गिअर, उतरताना तोच. ब्रेकवर उभी नोको राहू. जा." आणि पाठ वळवून बाकावर जाऊन बसले.

मी गाडी गिअरमध्ये सोडली. इंजिन घुमायला लागलं. मागून एक कारवाला हॉर्न देत होता, त्याला मी देऊ दिला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर समोरून बस चढत आली, मी डावीकडे घेतली, आरशात कडा पाहिली, पुढे झाले. रिकाम्या सीटकडे माझी नजर सारखी जात होती. एरवी वळणावर काका डावीकडे पाहून सांगायचे, "डावी खाली हाय," म्हणजे मोकळी आहे. आता सांगायला कोणी नाही, असं मनात आलं... आणि एकदम लक्षात आलं की गेले कितीतरी दिवस ते हे सांगतच नव्हते. कधी बंद केलं, मला कळलंही नव्हतं. बाजूला बसून ते नुसते बाहेरची झाडं पाहात होते. डावी बाजू मी माझी मीच सांभाळत आले होते. त्यानंतर उरलेला घाट मी कसा उतरले हे मला फारसं आठवत नाही, कारण आठवते ती भीतीच, आणि ती तिथे संपली होती.

पंपाजवळ मी थांबले. बऱ्याच वेळाने दुसऱ्या एका ट्रकमधून काका उतरले. माझ्याकडे न येता थेट चाकापाशी गेले, वाकले, आणि हात जवळ नेऊन ब्रेक तापलाय का पाहिलं. मग उठून म्हणाले, "थंडा हाय. चाल, भूक लागली." हेच माझं सर्टिफिकेट. मी जरा चिडूनच म्हटलं, "काका, काही झालं असतं म्हणजे?" ते म्हणाले, "झालं असतं तर मी बाजूले बसून का करणार होतो?" गाडी सुरू झाली, बरीच पुढे गेली, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहात सांगितलं, "त्या टपरीवरून तिसऱ्या वळणापर्यंत गाडी दिसते. मंग नाही दिसली तू... चाय थंडी झाली माही." त्या खेपेनंतर ते माझ्यासोबत आले नाहीत. शेठना जाऊन म्हणाले, "आता मी बसलो तर तिचंच डिझेल जास्त लागन."

पुढे मी इटारसीपर्यंत गेले, रायपूरला गेले. आता मनीषनगरात आमचं भाड्याचं का होईना, मोकळं घर आहे, मुली शिकत आहेत. प्रत्येक लांबच्या फेरीनंतर मी नंदनवनला जाऊन काकांना रस्त्याची खबर द्यायची. कुठे काम सुरू आहे, कुठला पूल नवा झाला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मान वळेना, बोलणं जड झालं, पण ऐकायचे सगळं.

परवा पहिल्यांदाच ते नसताना गेले. सुशीलाकाकू व्हरांड्यात काकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोरच्या ग्रिलला ट्रकचा एक बाजूचा आरसा तारेने आवळून बांधलेला आहे. आजारपणात मान वळत नाही म्हणून काकांनी तो प्रवीणकडून बांधून घेतला होता, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या गल्लीतून कोण येतं ते दिसावं. मी कितीही हळू आले तरी फाटकाशी पोचण्याआधीच आतून आवाज यायचा. काकू म्हणाल्या, "प्रवीण काढून टाकतो म्हणे. मी नाही म्हटलं." मग म्हणाल्या, "पण ते उंच होते ना वं. मले त्याच्यात नुसतं वरचं आभाळ दिसते."

मी चप्पल काढून ग्रिलपाशी गेले आणि आरसा खाली झुकवला. तार घट्ट होती, हळूहळू वळत होता. काकू खुर्चीतून सांगत होत्या, "अजून थोडा... अजून येऊ दे... येऊ दे... बस." मी हात काढला. त्या आरशाकडे पाहात होत्या. गल्लीतून एक भाजीवाला हातगाडी ढकलत येत होता. "दिसून राहिला," काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.