रिकाम्या कलशाला वाहिलेली फुलं

माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत नेऊन शेवटी सांगायची, असलं मला जमत नाही. मी तोंडाळ आहे, आमच्या घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि कदाचित म्हणूनच कुणी मला काही सांगत नाही.

आई गेली ती एस्टोनियात. दादा तिथे टालिनला आयटीत आहे, वहिनी तिथलीच. आई उन्हाळ्याचे तीन महिने त्यांच्याकडे राहायला गेली होती आणि एका सकाळी चहा पिता पिता गेली. हार्ट अटॅक. मी इकडे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात, सातव्या महिन्यात. बीपी इतकं चढलेलं की डॉक्टरने पलंगावरून उठायचीही बंदी घातली होती, विमान तर दूरच. आईचं तोंडसुद्धा मला फोनच्या स्क्रीनवर बघावं लागलं. तेव्हा मी दादाकडे एकच गोष्ट मागितली. "अस्थी ठेव. मी आल्याशिवाय पाण्यात सोडायच्या नाहीत. आपण दोघं मिळून सोडू. वचन दे."

"दिलं," तो म्हणाला. वर म्हणाला, "वेडी आहेस का, तुझ्याशिवाय कसं करीन?"

त्यानंतर वर्षभर दर शनिवारी संध्याकाळी माझा फोन जायचा. तिकडे सकाळ असायची. पहिला प्रश्न ठरलेला, "आईला फूल वाहिलंस?" मग फोटो यायचा. पुस्तकांच्या कपाटावर गणपती, शेजारी तांब्याचा कलश, तोंडाला लाल फडकं बांधलेलं, वर एक फूल. हिवाळ्यात तिकडे सगळं बर्फाखाली गाडलेलं, तरी फूल चुकायचं नाही. "दुकानातून आणतो गं," असं तो म्हणायचा. मला वाटायचं, भाऊ असावा तर असा. बाळ झाल्यावर पुन्हा ऑफिस सुरू केलं, तेव्हा वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये मी ते फोटो उघडून बसायची. शेजारच्या एका बाईलाही एकदा कौतुकाने दाखवले. माझी सहा वर्षांची मुलगी फोनमध्ये डोकावून विचारायची, "इज आजी इन देअर?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत. मी सांगायची, "हो, आजी मामाकडे आहे."

बाळ वरचं खायला लागल्यावर मी तिकीट काढलं. ऑफिसातला साहेब "स्वीट ॲज, टेक हीप्स ऑफ टाइम", म्हणजे हवी तेवढी रजा घे, म्हणून मोकळा झाला. नवरा मात्र आढेवेढे घेत होता. बाळ लहान आहे, पुढच्या वर्षी जा, एवढ्या लांब एकटी कशाला. मला वाटलं, दोन पोरं एकट्याने सांभाळायच्या विचाराने हा घाबरलाय. मी म्हटलं, "डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवते, नॅपीज कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मिळतात. मी चालले." दादाला कळवलं तेव्हा त्यानेही आधी विचारलं, बाळाचं कसं करणार. मग म्हणाला, "ये ना. नक्की ये."

तीन विमानं बदलून टालिनला पोचले. दादा म्हणाला, आईला वहिनीच्या माहेरचा समुद्र फार आवडला होता, तिथेच जाऊ. वहिनीच्या आईवडिलांचं घर उत्तरेच्या किनाऱ्यावर एका जुन्या कोळीवाड्यात आहे. आमच्याकडचे कोळीवाडे गजबजलेले, हा अगदी चिडीचूप. लाकडी घरं, पाण्याच्या काठावर जाळी ठेवायची खोपटी, त्यांची छपरं गवताने शाकारलेली, आणि उलट्या घालून ठेवलेल्या होड्या. खरे कोळी आता दोन-चारच उरलेत. बाकीची घरं शहरातल्या लोकांनी घेऊन रंगवलीत, ते उन्हाळ्यापुरते येतात. वहिनीचे वडील मात्र अजून जाळं टाकतात आणि परसातल्या एका खोपटात मासे धुरावर भाजतात. तो वास कपड्यांत, केसांत, उशीत, सगळीकडे. माझी आई कट्टर शाकाहारी, उभ्या जन्मात तिने घरात अंडं शिरू दिलं नाही. तिने इथे आठवडे कसे काढले असतील याचं मला हसू आलं. वहिनीची आई सांगत होती की माझी आई वारा कुठून येतोय ते बघून खुर्ची हलवायची.

आईच्या आवडत्या किनाऱ्यापर्यंत गाडी जात नाही. पाइनच्या जंगलातून वाट आहे, पायाखाली मऊ सुया आणि मध्ये मध्ये ब्लूबेरीची झुडपं. मी कलश छातीशी धरून चालत होते, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. दादा घेऊ का म्हणाला, मी दिला नाही. वर्षभर तू सांभाळलास, आता माझी पाळी, असंही म्हणाले वर. तो पुढे होऊन फांद्या बाजूला धरायला लागला.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पांढरट वाळू, पाण्यात हत्तीएवढाले धोंडे, आणि लाट म्हणून नाही. वेलिंग्टनकडचा समुद्र सदा अंगावर धावून येतो, हा तळ्यासारखा पडलेला. आम्ही दोघं आत चालत गेलो. बरंच चाललो तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. वहिनी काठावर थर्मास घेऊन बसली. मला रडू येत होतं, पण बरंही वाटत होतं. वर्षभर अडकून पडलेलं काहीतरी आज सुटणार होतं. आईला मी शेवटचा हात लावणार होते.

फडक्याची गाठ सोडली आणि धुराचा वास आला. मला वाटलं, माझ्याच कपड्यांचा असेल. कलशात हात घातला. राख काळपट, मऊ, मध्ये कोळशाचे तुकडे. मूठ भरून वर काढली तर बोटांच्या बेचक्यात काहीतरी टोचलं. बघितलं. माशाचा काटा.

काही क्षण मला कळेचना की मी काय बघतेय. मग म्हटलं, "दादा, हे काय आहे?"

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "अगं, ती लाकडाचीच राख आहे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात घरातली शेगडी कुणी पेटवत नाही. सासऱ्यांच्या त्या खोपटातच काय ती राख होती. मी चाळून घेतली होती."

चाळून घेतली होती! हा माणूस मला समजावून सांगत होता!

"आई कुठे आहे?" मी ओरडले. त्या शांत पाण्यावर आवाज केवढा घुमला. "दादा, माझी आई कुठे आहे?"

"इथेच," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच. दहा दिवसांच्या आत अस्थी सोडाव्या लागल्या. मावशी पुण्याहून रोज फोन करून मागे लागली होती, अस्थी घरात ठेवू नयेत, आत्मा अडकतो म्हणून. तुझी ती अवस्था. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"आणि फुलं? वर्षभर ती फुलं कशाला वाहत होतास?"

त्याने कलश घ्यायला हात पुढे केला.

"काय होतं आत?"

"काही नव्हतं. रिकामा होता."

रिकाम्या भांड्याला फूल वाहून, त्याचा फोटो काढून हा मला पाठवत होता, आणि मी इकडे फोनला हात जोडत होते. मी ती राख कलशासकट त्याच्या अंगावर भिरकावली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळे डाग पडले. तो जागचा हललाही नाही. ते बघून माझा आणखीच संताप झाला.

आरडाओरडा ऐकून वहिनी फ्रॉक वर धरून पाण्यातून आमच्याकडे आली. तिला मराठी येत नाही. "काय झालं?" तिने इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. ती गोंधळून दादाकडे बघायला लागली. म्हणाली, "पण हिला माहीत होतं ना? तू मला म्हणालास, हिला सगळं सांगितलंय, फक्त स्वतःच्या हाताने काहीतरी सोडायचंय म्हणून थोडी राख हवी." मग माझा हात धरून ती म्हणाली, "मला खरंच वाटलं तुला माहीत आहे. तुझ्या नवऱ्याने तर तेव्हा पाहिलं होतं, व्हिडिओवर. तुझी मावशी होती, तो होता. माझे वडील फोन धरून उभे होते."

तिला वाटत होतं ती माझं सांत्वन करतेय. बिचारी. तिथे जमलेल्यांत खरं बोलणारी ती एकटीच.

दादाने केलं ते केलं, पण त्याच्यात आणि माझ्यात अर्धी पृथ्वी आहे. ज्याच्या शेजारी मी रोज झोपते, जो दर शनिवारी मला फोन लावून देऊन समोर बसून चहा प्यायचा, फोटो आला की "छान आहे फूल" म्हणायचा, त्याने केसाने गळा कापावा? किनाऱ्यावरून परत येताना मी कुणाशी बोलले नाही. दुसऱ्याच दिवशी निघाले. विमानतळावर दादा लहान मुलासारखा रडला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पुढचा सगळा प्रवास मी नवऱ्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत राहिले.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. मुलगी शाळेत, बाळ झोपलेलं. दादाचा फोन आधीच येऊन गेला होता, ते नवऱ्याच्या तोंडावरच दिसत होतं. "आधी जेवून घे," तो म्हणाला. त्याने खिचडी टाकली होती.

"का केलंस असं?" मी विचारलं. एवढं जुळवून आणलेलं, आणि तोंडातून एवढंच निघालं.

"डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसता कामा नये. बाळ झाल्यावर सांगू असं ठरलं होतं. मग तू फुलांबद्दल विचारायला लागलीस, फोटो बघून तुला बरं वाटायला लागलं. दादा म्हणाला मी सांगतो, मला वाटलं तो सांगेल. तू तिकीट काढलंस तेव्हाही वाटलं, तो सांगेल."

"आणि त्याला वाटलं, तू सांगशील."

"हो."

मला खरं तर ओरडायचं होतं. पण त्याने पाहिलं होतं. साऱ्या जगात आता हाच एक होता ज्याला मी विचारू शकत होते. दादाला मी जन्मात विचारणार नव्हते. मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "काय पाहिलंस ते सांग. सगळं सांग."

तो समोर बसला. "वहिनीच्या वडिलांना फोन धरता येत नव्हता," तो म्हणाला. "सारखं आकाशच दिसत होतं. मावशी ओरडत होती, खाली करा, खाली करा. मग एकदम पाणी दिसलं. दादा आत चालत गेला होता, तुमच्या आईंचं नाव घेत होता. मग त्याने वाकून कलश पाण्याला लावला."

"मग?"

"मग मला दिसलं नाही."

"का? फोन पुन्हा वर गेला?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "मी हॉलमध्ये होतो," तो म्हणाला. "तू आत पडली होतीस, दार लोटलेलं होतं. तेवढ्यात तू मला हाक मारलीस. तहान लागलीय म्हणालीस. मला वाटलं तुला आवाज ऐकू जाईल, म्हणून मी कॉल कट केला."

"आणि?"

"आणि तुला पाणी आणून दिलं."

मला तो दिवस आठवत नाही. तेव्हाचे सगळे दिवस एकसारखे होते, कितीतरी वेळा त्याने मला पाणी आणून दिलं असेल. पण त्या दिवशी मधे फक्त एक लोटलेलं दार होतं. पलीकडे माझी आई चालली होती, आणि मी तिचा निरोप थांबवून पाणी मागितलं आणि ते पिऊन पुन्हा कुशीवर वळून झोपले.