तळावरचं नाव

व्हर्लीन स्ट्राउड गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. तिच्या हातचं खाऊन मोठं झालेलं अर्धं पेल फोर्क गाव तिला मावशीच म्हणायचं. खरी मावशी ती एकट्या थेरनची. तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून तो तिचाच.

टेनेसीच्या या डोंगरात कुणाकडे मूल जन्मलं, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की शेजारणी जेवणाने भरलेले खोलगट ट्रे घेऊन जातात. ट्रे घरोघर फिरतात, म्हणून तळाला नाव लिहायचं. व्हर्लीनमावशी लाल नेलपॉलिशने लिहायची. नखांना तिने ते कधी लावलं नाही. आणि ट्रे रिकामा परत करायचा नाही, एवढा एकच नियम.

पंचविशीत थेरन ‘पहारेकरी’ म्हणवणाऱ्या टोळीत शिरला. सुट्टीच्या दिवशी जंगलात बंदुका चालवायच्या आणि देश फक्त गोऱ्यांचा, असं एकमेकांना सांगत राहायचं. मावशी शेरीफ वेंडेल प्रुइटकडे दोनदा तक्रार घेऊन जाऊन आली होती.

“पोरं आहेत, मावशी,” तो हसला होता. “हरणं मिळत नाहीत, म्हणून झाडांना गोळ्या घालतात.”

मार्चमध्ये नदीपलीकडच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या पायरीखाली बॉम्ब सापडला. एक तार निसटली होती, म्हणून फुटला नाही. त्या चर्चमध्ये अर्नेस्टीन गायची. शाळेच्या स्वयंपाकघरात ती आणि मावशी अठरा वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून बटाटे सोलत होत्या.

दोन दिवसांनी शेरीफ आला. बरोबर केंद्रीय तपास खात्याच्या क्रेनबाई होत्या. त्यांनी टेबलावर फोटो ठेवला. बॉम्ब ज्यात ठेवला होता तो ट्रे, उलटा केलेला. तळाला लाल अक्षरं : व्ही. स्ट्राउड.

“हातमोजे घातले होते, सगळं पुसलं होतं,” क्रेनबाई म्हणाल्या. “फक्त तळ बघितला नाही.”

थेरनने आयुष्यात कधी भांडं घासलं नव्हतं. मावशीनेच घासू दिलं नव्हतं.

“हरवला असेल ना, मावशी?” शेरीफ घाईने म्हणाला. “चर्चच्या जेवणात वगैरे? तुमचे ट्रे काय, गावभर असतात.”

हो म्हटलं असतं तर गावाने विश्वास ठेवला असता. थेरन रविवारी नेहमीसारखा जेवायला आला असता.

“किती वाजता फुटणार होता?” तिने विचारलं.

“रविवारी सव्वाअकराला.”

“तेव्हा लहान मुलं बाहेर येतात. अर्नेस्टीनची नात त्याच पायरीवर बसून बुटाची नाडी बांधते.” तिने फोटो शेरीफकडे सरकवला. “ट्रे थेरनकडे होता. फेब्रुवारीत त्याला ताप आला होता, मीच मॅकरोनी भरून दिली.”

“विचार करून बोला, मावशी.”

“आधी दोनदा विचार करूनच बोलले होते, वेंडेल. तू हसलास.”

थेरनला बावीस वर्षांची शिक्षा झाली. तिची साक्ष चालू असताना तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

त्या उन्हाळ्यात गावभर गेलेले तिचे ट्रे तिच्या ओट्यावर परत यायला लागले. घासलेले, कोरडे, रिकामे. घंटी कुणी वाजवली नाही. आमच्या घरचा मीच ठेवून आले. आत रेडिओ चालू होता. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा तो बंद झाला, कुणी आलंय का ऐकायला केल्यासारखा. मी थांबले नाही.

नोव्हेंबरमध्ये तिला न्यूमोनिया झाला. तिच्या दारात एकही ट्रे आला नाही.

दोन वर्षांनी खटल्याची अपिलं वगैरे सगळं आटोपलं आणि क्रेनबाईंनी तो ट्रे परत पाठवला. मावशीने तो तीनदा घासला. त्यात पीच घातले, वर पिठाची पारी लावून भाजले, आणि नदी ओलांडून अर्नेस्टीनकडे गेली.

“अगं बाई, तू!” अर्नेस्टीनने जाळीचं दार उघडलं. “किती वाळलीस! स्वतःच्या हातचं खात नाहीस वाटतं.” मग तिची नजर खाली गेली. “हा... तो?”

“तोच. तीनदा घासलाय.”

अर्नेस्टीनने हात पुढे केला नाही.

“तू खरं बोललीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, व्हर्लीन. पण ह्यातलं माझ्या घशाखाली उतरायचं नाही.”

“हो,” मावशी म्हणाली. “माझ्या लक्षातच आलं नाही बघ. ट्रे आहे, म्हणजे भरून न्यायचा, एवढंच डोक्यात होतं.”

“दुसऱ्या कशात तरी आणशील?”

“आणीन की.”

तिने ट्रे गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि सरकू नये म्हणून त्याला पट्टा लावला. पीच अजून गरम होते. पुलावर तिने गाडी अगदी हळू घेतली, रस सांडू नये म्हणून.