वाघमारे सिस्टरांचा टॅब

वाघमारे सिस्टर फोटो काढत आणि दुसरं काहीही करण्याआधी त्याला नाव देत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कशाचा फोटो ते. लसींच्या फ्रीजचं तापमान असो, गळकं छत असो की बाळंतिणीचं कार्ड, समोरचा चहा थंड होत असला तरी त्या चष्मा कपाळावर सरकवून, टॅब डोळ्यांजवळ धरून एका बोटानं नाव टाइप करत. मी आरोग्यसेविका म्हणून त्या केंद्रात रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं की एवढं कशाला, फोटो तर आपोआप साठतातच. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "साठतात. सापडत न्हाईत."

केंद्र लोहारा तालुक्यातलं, एवढंच सांगते. डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. सिस्टरांनी ते जिथं लिहायचं तिथं लिहिलं आहे.

सिस्टर बुटक्या, काळ्यासावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो वारला. मुलगा आणि सून पुण्याला. त्या केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत. घरात एक पलंग, दोन खुर्च्या आणि भिंतीवर बुद्धाचं चित्र. फार बोलत नसत. पण बाळंतपणाच्या वेळी त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की कळा देणारी बाई त्यांचा हात सोडत नसे. "अजून एकदा, माय. झालंच बघ," हे त्यांचं वाक्य आमच्या भागातल्या निम्म्या पोरांनी जन्माआधी ऐकलेलं असेल.

अनिताची गोष्ट त्यांनी मला लसीकरणाच्या एका दुपारी सांगितली. मी येण्याच्या वर्षभर आधी ती घडली होती. अनिता एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली, आणि मग रक्तस्राव थांबेना. डॉक्टर धाराशिवला राहत आणि जाऊन-येऊन नोकरी करत. त्या दिवशी ते आलेच नव्हते. सिस्टरांनी केंद्राच्या लँडलाइनवरून अकरा वीसला फोन केला. "निघालोच," असं उत्तर मिळालं. तशी वेळ टाकून त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केली. पुन्हा फोन केला, तो उचललाच गेला नाही. मग त्यांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या एका नर्सला पाठवला, रक्त तयार ठेवा म्हणून. रुग्णवाहिका आली तोवर साडेबारा वाजून गेले होते. अनिता वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये अकरा वीसच्या जागी बारा वीस होते, म्हणजे डॉक्टरांना फोनच तासभर उशिरा गेला. शेजारी सिस्टरांची सही तशीच.

चौकशी बसली. तीन अधिकारी, समोर डॉक्टर, बाजूला सिस्टर. सिस्टर म्हणाल्या, खऱ्या नोंदीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. अधिकारी म्हणाले, दाखवा. त्या शोधू लागल्या. शुभ सकाळची गुलाबं आली, नातवाचा वाढदिवस आला, कुणाच्या लग्नातली पंगत आली, गुडघेदुखीवरचे उपाय आले. हजारो फोटो, कशालाच नाव नाही. मोबाईल मध्येच अडकायचा आणि जागा शिल्लक नाही असं सांगायचा. एका साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. दुसऱ्यांनी चहा मागवला. शेवटी डॉक्टर हसून म्हणाले, "सिस्टर, सापडला की पाठवा."

फोटो तिथं नव्हताच. चौकशीच्या आठवडाभर आधी सून आली होती. सासूचा मोबाईल सारखा अडकतो म्हणून तिनं प्रेमानं तो थोडाफार साफ करून दिला होता. कागदांचे फोटो कचरा समजून पुसले गेले, त्या नर्सला पाठवलेले मेसेजही गेले. ती नर्स कंत्राटावरची, नोकरी सोडून निघून गेलेली, नंबर बंद. सिस्टरांच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा ठपका आला. त्याहून वाईट म्हणजे अनिताची आई. ती बाजारात सिस्टर दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडं जायची.

"त्या खोलीत मी मोबाईल चाळत हुते ना," सिस्टर मला म्हणाल्या, "तवाच ठरवलं. ह्या माणसाला ह्याच खोलीत बसवायचं. आन माझं बोट एकदाच हलंल."

त्या चौकशीनंतर काही दिवसांनी खात्यानं सगळ्यांना टॅब दिले. बाकीच्यांनी ते कपाटात ठेवले किंवा त्यावर मालिका पाहिल्या. सिस्टर आपल्या आपण फोटोंना नावं द्यायला शिकल्या, आणि मी रुजू झाल्यावर पुढचं माझ्याकडं शिकायला बसल्या. मी चोवीस वर्षांची, मला वाटायचं मला सगळं येतं. पण त्यांचे प्रश्न वेगळेच असत. फोल्डरमध्ये फोल्डर किती करता येतात? फोटो कधी काढला ते आत कुठं लिहिलेलं असतं, आणि ते कुणाला बदलता येतं का? दुसऱ्याला पाठवलेल्या फोटोत ती माहिती राहते का? मी शोधून सांगितलं की मेसेजवरून पाठवला की बऱ्याचदा ती निघून जाते, म्हणून मूळ फोटो हलवायचा नाही. त्या दिवसापासून त्यांनी मूळ फोटोला हात लावला नाही. जी काही देवाणघेवाण करायची ती दुसऱ्या प्रतीवर. एक प्रत टॅबमध्ये, एक मेमरी कार्डवर, एक इंटरनेटवरच्या खात्यात. त्या खात्याला त्या 'वरचं' म्हणत. "वरच्यात टाकलं का?" हे त्या मला दर शनिवारी विचारत. शनिवारी दुपारी आम्ही दोघी कचरा काढायचो. मी पटापट पुसायला लागले की माझा हात धरत. "उघडून बघितल्याबिगर काय बी पुसायचं न्हाय, पोरी. माझ्या सुनेनं बी कचराच काढला हुता."

टॅबमध्ये एक फोल्डर डॉक्टरांच्या नावाचं होतं. रोज दहा वाजता त्या ओपीडीसमोरून जात. खोलीला कुलूप असलं की फोटो. फ्रेममध्ये दार, बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाया आणि वरचं भिंतीवरचं घड्याळ. दिवस चुकला नाही. ताप असला तरी अंगावर शाल घेऊन त्या तेवढ्यासाठी उठून यायच्या. डॉक्टर समोर आले की अदबीनं उभ्या राहत, "नमस्कार साहेब" म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर रागाची रेघही दिसत नसे. मला त्यांची भीती वाटायची ती तेव्हाच.

ती हरवलेली नर्सही त्या शोधत होत्या. प्रत्येक प्रशिक्षणाला, प्रत्येक बैठकीत विचारायच्या. शेवटी कळलं की ती लग्न करून उमरग्याला आहे. एका रविवारी सिस्टर एसटीनं तिकडं गेल्या. तिचा तेव्हाचा मोबाईल काच फुटून कपाटात पडला होता. दोघींनी तो तासभर चार्जिंगला लावला, आणि तो सुरू झाला. त्यात तो फोटो होता. रजिस्टरचं पान, अकरा वीसची नोंद, आणि खाली मेसेज आल्याची वेळ, अकरा पंचावन्न. सिस्टरांनी तो मोबाईलच मागून आणला. मला हे त्यांनी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मला ते कळलं फार नंतर.

त्या रविवारनंतर चौदा महिन्यांनी शबानाची केस आली. ती दिवसांत होती, डोकं ठणकत होतं, रक्तदाब फार वाढलेला. ड्युटीवर मी होते. डॉक्टर नव्हते. मी फोन केले, रक्तदाबाचा आकडा मेसेज केला. त्यांनी तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आलं, थांबा, मी येऊन बघतो. मी थांबले. दीड तास थांबले. शबानाला झटके यायला लागले तेव्हा सिस्टर धावत आल्या, कुणाला न विचारता तिला गाडीत घातलं आणि स्वतः सोबत गेल्या. शबाना वाचली. तिचं बाळ पोटातच गेलं.

परत आल्यावर त्यांनी आधी माझा मोबाईल मागितला. फोनची यादी, मेसेज, निळ्या खुणा, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले, नावं दिली, तीन ठिकाणी ठेवलं. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "रड. पर आधी पासवर्ड सांग."

डॉक्टरांनी लिहून दिलं की आरोग्यसेविकेनं रुग्णाची अवस्था कळवलीच नाही. चौकशीला मला बोलावलं. तीच खोली. सिस्टरांना बोलावलं नव्हतं, तरी त्या टॅब छातीशी धरून आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, तुमचं काय काम? त्या म्हणाल्या, "साहेब, कंची तारीख पायजे ते सांगा."

अध्यक्षांनी शबानाची तारीख सांगितली. बोट एकदा हललं. मेसेज, वेळ, निळ्या खुणा. कुणीतरी विचारलं, एखाद दिवस उशीर होऊ शकतो ना? बोट पुन्हा हललं आणि कुलपं सुरू झाली. तारखेनं, ओळीनं, एकामागून एक. साहेब मागच्या तारखा विचारत राहिले, त्या उघडत राहिल्या. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवत होता?"

"व्हय साहेब. तीन वर्सं."

मग त्यांनी पिशवीतून तो फुटक्या काचेचा मोबाईल काढला आणि अनिताचं पान टेबलावर ठेवलं. "तुमी म्हणला हुता, सापडला की पाठवा. सापडला."

डॉक्टर निलंबित झाले. अनिताची चौकशी पुन्हा उघडली आणि सिस्टरांच्या सेवापुस्तकातला ठपका काढला गेला. तो आदेश घेऊन त्या अनिताच्या आईकडं गेल्या. म्हातारीनं तो वाचून घेतला, अनिताच्या लेकीला पुढं केलं आणि सांगितलं, ह्या बाईनं तुला बाहेर काढलं गं.

त्याच आठवड्यात डॉक्टर बायकोला घेऊन क्वार्टरवर आले. मीही तिथं होते. सिस्टरांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, माझी मुलं शिकतायत, वरच्यांना एक अर्ज करा की तुमची तक्रार नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्राकडं हात केला आणि म्हणाले, सिस्टर, तुमच्या घरात हे आहेत, तुम्ही तरी करुणा दाखवा. सिस्टरांचा आवाज चढला नाही. "करुणा अनिताला पायजे हुती साहेब, अकरा वीसला. ह्यांचं आन माझं मी बघून घीन." डॉक्टरांनी हात जोडून माफी मागितली. सिस्टरांनी टॅब उघडला, त्यांच्यासमोरच. "माफी मागितली म्हणून लिवून ठिवते," म्हणाल्या, "आजची तारीख टाकून." बायको रडत उठली. दोघं गेले. सिस्टरांनी त्यांचे पेले घासून पालथे घातले.

मी हे सगळं विजयासारखं मिरवत होते. येडशीला घरी गेले तेव्हा सगळ्यांना रंगवून सांगितलं. माझ्या आईनं ऐकून एकच विचारलं, तो उमरग्याचा मोबाईल त्यांना कधी मिळाला होता?

परत येऊन मी सिस्टरांना तेच विचारलं. त्या औषधांच्या पेट्या लावत होत्या. म्हणाल्या, शबानाच्या आधी चौदा महिने. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही दिला?

"तवा दिला असता तर म्हणले असते, एकदा चुकलं. बदली केली असती, तिकडं जाऊन त्यानं तेच केलं असतं. मला चूक न्हवती दाखवायची. सवय दाखवायची हुती." एवढं बोलून त्यांनी पेटी खाली ठेवली. "आन मला तो पुरा संपवायचा हुता. ते बी खरं."

मी म्हणाले, पण शबानाचं बाळ. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. तू इचारायच्या आधीपासून म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन शबानाच्या घरी गेल्या. शबाना अंगणात ज्वारी निवडत होती. आम्हाला पाहून तिनं चटई टाकली, सासूला चहा ठेवायला सांगितलं. त्या घरात सिस्टर म्हणजे जीव वाचवणारी बाई. सिस्टर चटईवर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न गाळता. मोबाईल कधी मिळाला, किती दिवस ठेवला, का ठेवला.

शबानाचा हात सुपातच राहिला. "म्हंजी तुमच्यापाशी व्हतं हे? इतके दिवस?"

"व्हय."

"दिलं असतं तर त्यो डाक्टर त्या दिवशी तिथं नसता."

"बहुतेक नसता. दुसरा असता, आन त्यो आला असता."

सासू चहा घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थांबली. शबाना हळू आवाजात, घरी बोलतात त्या बोलीत म्हणाली, "मैं माफ नै करती, सिस्टर."

"नगं करूस," सिस्टर म्हणाल्या. "मागायला आलेच न्हाय. तुला म्हाईत असावं म्हणून आले."

आम्ही निघालो. चहा कुणी घेतला नाही. पुढच्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि पुण्याला मुलाकडं गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. जाताना टॅब रीतसर माझ्या ताब्यात दिला, पावती घेतली आणि एसटीत बसल्या.

शबाना पुढच्या वर्षी पुन्हा दिवसांत राहिली. तिनं आशाताईकडून मला निरोप पाठवला की बाळंतपण वाघमारे सिस्टरच करतील, दुसरं कुणी नको. मी पुण्याला फोन लावला. सिस्टरांनी विचारलं, तिनं माफ केलं का? मी शबानाला विचारून आले. ती म्हणाली, नाही केलं, पण येऊ दे त्यांना. सिस्टर आल्या. नवव्या महिन्यातले अठरा दिवस त्या शबानाच्या घरासमोर भाड्यानं खोली घेऊन राहिल्या, मुलगा झाला, आणि त्या तिसऱ्या दिवशी निघून गेल्या. त्या अठरा दिवसांत दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या.