तांदुळ्याच्या वाटेवर दोन गाड्या

पहाटे नागपूर सोडलं तेव्हा पारडीच्या नाक्यावर शेकोट्या पेटलेल्या होत्या. पौषातली थंडी. माझे पती विनायकराव मफलर गुंडाळून शेजारी बसले होते आणि मैलाचे दगड मोठ्याने वाचत होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, शिकायचीही नव्हती. गाडी माझी होती. लहान, पांढरी, चार माणसांची. त्या वर्षांत अशा गाडीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. आम्हीही पाहिली, आणि मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता मी ती चालवायला शिकले.

निघालो होतो भिलाईला, आबांना आणायला. आबा म्हणजे माझे वडील. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला धाकट्या बहिणीकडे, शोभाकडे गेले आणि तिथेच रमले. दिवाळीला येतो म्हणाले, आले नाहीत. तेव्हाच मी ठरवलं होतं, की गाडी आली की पहिला लांबचा प्रवास हाच. मागच्या सीटवर आबा बसलेले मला आधीपासूनच दिसत होते.

साकोलीला चहा-आलुबोंड्यासाठी थांबलो. तिथे एका सरदारजी ट्रकवाल्याने माझ्या हातातली किल्ली पाहिली, मग विनायकरावांकडे पाहिलं.

"बहनजी, आप चलाएंगी? कहाँ तक?"

"भिलाई."

त्याने आमच्या गाडीच्या टपावर थाप मारली. "डिब्बा अच्छा है. बस, हमारे सामने मत आना."

मला राग यायला हवा होता, पण उलट छाती फुगली. देवरीनंतरच्या सागाच्या जंगलात एक रानडुक्कर आडवं गेलं, बाघनदीचा पूल ओलांडून मध्य प्रदेशात शिरलो, राजनांदगावला पेट्रोल घातलं, आणि एवढ्या वाटेत गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. दुर्ग मागे पडलं तशा समोर पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या. एकामागे एक, धूर एकाच बाजूला वाकलेला. मग ते रुंद, सरळ रस्ते, सारख्या रंगाची क्वार्टर्स, सायकलींचे थवे. सकाळची पाळी सुटली होती.

शोभा पूर्वी सेक्टर सहामधल्या क्वार्टरात राहायची. तिचे यजमान वसंतराव तेव्हा प्लांटमध्ये क्लार्क होते. नोकरी सोडून ते ठेकेदारीत पडले आणि वैशाली नगरात त्यांनी घर बांधलं. त्या घरासमोर मी गाडी उभी केली, हॉर्न दिला आणि आबा बाहेर येण्याची वाट पाहू लागले.

तेवढ्यात मला ती दिसली. फाटकाच्या आत, खास बांधलेल्या पत्र्याच्या शेडखाली. लांब, गडद निळी, विलायती गाडी. इतकी लांब की शेडबाहेर तिचं नाक आलं होतं. कलकत्त्याच्या कुठल्याशा कंपनीचा साहेब मायदेशी परत गेला, त्याची ती गाडी वसंतरावांनी घेतली होती. आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं.

आबा आले. डोळ्यांवर जाड भिंगांचा नवा चष्मा होता. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वसंतची गाडी पाह्यली का? पट्टी काढून घरी आलो नं, तं सगळ्यात आधी ह्या गाडीचा निळा रंग दिसला मले. असा निळा मी जल्मात नाही पाह्यला."

"आमचीही आणली आहे, आबा," मी म्हटलं.

"हो का? चांगलं झालं," आबा म्हणाले आणि माझा हात धरून मला शेडकडे घेऊन गेले.

दार बंद करताना आवाज येत नाही हे त्यांनी मला तीनदा करून दाखवलं. काचा बटणाने खालीवर होत होत्या. आत गारवा करणारं यंत्र होतं. सीट चामड्याची, दिवाणासारखी. मी बसले, आणि उठावंसं वाटेना, याचा मला इतका संताप आला की ड्रायव्हर शिवप्रसादने आदबीने दार उघडलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी शोभाने चीले (तांदळाच्या पिठाची धिरडी) आणि टमाट्याची चटणी केली होती. जेवताना गाड्यांवरच बोलणं आलं.

"आमच्या गाडीच्या किमतीत तुमच्या गाडीची चाकं आली असती फक्त," विनायकराव हसत म्हणाले. त्यांना हेवा म्हणून काही माहीतच नाही. मला त्यांचा तो निर्मळपणा त्या क्षणी अजिबात आवडला नाही.

"पण आमची पेट्रोल नावाला पिते," मी म्हटलं. "आणि सुटा भाग साकोलीतसुद्धा मिळतो."

"आमचा तं मुंबईतबी नाही भेटत ताई, बाहेरून बोलवा लागते," वसंतराव म्हणाले. हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग ताटाकडे पाहत जरा हळू बोलले, "तुमाले सांगतो, स्कूटरनं मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर जाओ तं चपराशी बाहेर उभा ठेवे. ह्या गाडीतून गेलो का गेट आपोआप उघडते. मले तं तिची किंमत तिथंच वसूल झाली."

मी चटणी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तांदुळा धरणावर जायचं ठरलं. माझी गाडी थंडीने सुरू होईना. चोक ओढला, वाट पाहिली, पुन्हा किल्ली फिरवली. शेवटी वसंतराव, शिवप्रसाद आणि समोरच्या घरातले दोघे अशा चौघांनी ढकलली. निळी गाडी किल्ली लावताच गुरगुरू लागली होती. आबा तिच्यात आधीच जाऊन बसले होते. काच बटणाने खाली करून त्यांनी मला विचारलं, "झाली का सुरू?"

विनायकरावही त्याच गाडीत बसले. शोभा मात्र माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू कशाला? तिकडे आरामात बस ना," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्याहून कडू निघाला.

"मले तुह्यासंगच यायचं आहे," ती म्हणाली.

दुर्ग सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे खुंट, खळ्यावर मळणी, मधूनच तळ्यात बुडी मारणारी पोरं. पुढे निळी गाडी खड्ड्यांवरून तरंगत चालली होती. आम्ही तिची धूळ खात मागे. मागच्या काचेतून आबांची टोपी दिसत होती. ती एकदाही मागे वळली नाही.

शोभा रस्त्याकडे पाहत नव्हती. ती माझ्या पायांकडे पाहत होती.

"हा कोणता? ब्रेक?"

"क्लच."

"आन् मधातला ब्रेक." तिने बोटाने तिन्ही पेडल मोजले. मग म्हणाली, "मी ह्यायले म्हणलं होतं, मले शिकवा. ते म्हणाले, येवढी महागाची गाडी, कुठं ठोकली तं पार्ट कुठून आणायचा? शिवप्रसाद आहे नं, जिथं जायचं तिथं जाय. आता भाजीले जायचं तरी त्याले हाक माराव लागते ताई. पैले सायकलनं जाओ मी, सिविक सेंटरपर्यंत."

मला तिची कीव यायला हवी होती. आली ती खुशी, आणि ती मी हँडल घट्ट धरून लपवली.

तांदुळ्याचं पाणी दुपारच्या उन्हात दूरवर पसरलेलं होतं, पलीकडचा काठ धुक्यात. बदकांचे थवे मध्येच उठत आणि पुन्हा बसत. आबा धरणाच्या भिंतीवरून वसंतरावांचा हात धरून चालले. नव्या डोळ्यांनी त्यांना लांबची होडी दिसली, होडीतला माणूस दिसला. "जाळं टाकून राह्यला तो," ते म्हणाले. हे त्यांनी वसंतरावांना सांगितलं. मी दोन पावलं मागे होते.

परतताना गुंडरदेहीच्या अलीकडे निळी गाडी थांबली. हळूच, आवाज न करता, जशी तिची सगळी रीत होती तशी. शिवप्रसादने बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"ढकलून पाहू," मी म्हटलं.

"नइ होवय दीदी," तो म्हणाला (नाही होत ताई). ही गाडी गिअर आपले आपण बदलणारी. ढकलून सुरू होण्यातली नव्हती. शिवाय वीज गेल्यामुळे काचाही वर अडकल्या होत्या. दारं उघडी टाकून आबा आत बसले होते. वसंतराव रस्त्याच्या कडेला उभे होते, कोणाकडेच न पाहता. एक बस गेली, खिडक्यांतून माणसं वाकून पाहत होती.

माझा क्षण आला होता. मी आबांपाशी गेले.

"चला आबा, माझ्या गाडीत बसा. अर्ध्या-पाऊण तासात घरी पोचवते."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वसंतरावांच्या पाठीकडे.

"मी यितंच बसतो," ते म्हणाले. "त्याची गाडी बंद पडली आन् सासरा उठून दुसऱ्या गाडीत गेला, त्याले कसं वाटन? तू जाय. मिस्त्री घेऊन ये."

विनायकरावही तिथेच थांबले. मी आणि शोभा निघालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, रस्ता नीट दिसत नव्हता. मी गाडी बाजूला घेतली.

"ताई, मी चालवू?" शोभाने विचारलं.

एरवी मी नाहीच म्हटलं असतं. त्या वेळी कशालाच अर्थ वाटत नव्हता. जागा बदलल्या. गाडीने दोन-तीन बेडूकउड्या मारल्या, मग चालू लागली. शोभा ओठ चावून बसली होती. वळणावर समोरून धानाने लादलेली बैलगाडी आली. तिने हँडल फिरवलं ते फिरवलंच. आम्ही रस्ता सोडून बांधावरून खाली शेतात उतरलो आणि पुढचं चाक पाटात गेलं.

दोघींना लागलं नव्हतं. नव्या गाडीचा डावा मडगार्ड मात्र चांगलाच चेपला होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. शोभाच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता, आणि तरी ती म्हणाली, "चालली होती नं पण? एवढ्या दूर चालली नं?"

खळ्यावरचे चार जण धावत आले. त्यातल्या म्हाताऱ्याने गाडीभोवती फेरी मारली. "हरू हे दीदी, उठा देबो," तो म्हणाला (हलकी आहे ताई, उचलून देतो). आणि खरंच त्यांनी ती चौघांत उचलली, पाळणा उचलावा तशी, आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. त्याच म्हाताऱ्याच्या पुतण्याकडे ट्रॅक्टर होता. दुर्गपर्यंत जायची गरज उरली नाही.

साखळी बांधून ट्रॅक्टर निळी गाडी ओढू लागला. शिवप्रसाद हँडलवर, शेजारी वसंतराव, मागे विनायकराव आणि आबा. दारं किलकिली, टोपी नीट केलेली, आबा वरातीतल्या नवरदेवासारखे दिसत होते. वाटेतल्या गावांत माणसं कौतुकाने पाहायला उभी राहिली. चालत नसलेल्या गाडीसाठी. मी ट्रॅक्टरच्या गतीने मागे चालले होते, चेपलेल्या मडगार्डसह, आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर दोन सकाळी मी शोभाला हुडको वसाहतीजवळच्या रिकाम्या मैदानावर शिकवलं. तिने हट्टच धरला होता. पहिल्या दिवशी वसंतराव लांब उभे राहून पाहत होते. मडगार्डचं त्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी जवळ आले आणि म्हणाले, "ताई, हिले मागं घ्यायचं शिकवा. मागं घेताना हात लटपटते तिचा."

निळ्या गाडीचा भाग यायला किती दिवस लागतील ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आबा आमच्याबरोबर निघाले. ज्यासाठी मी आले ते साधलं होतं. आबा माझ्या मागच्या सीटवर होते. पण देवरीच्या हॉटेलात, साकोलीच्या पानठेल्यावर, घरी पोचल्यावर शेजाऱ्यांना, ते एकच गोष्ट सांगत राहिले. अशी निळी गाडी, असा ट्रॅक्टर, आन् आत बसून पोटातलं पाणी हलत नाही. ज्या गाडीतून उतरत होते तिच्याबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं, की गुडघे आखडतात.

नागपुरात ओळखीचे लोक मला विचारू लागले, गाडी घ्यावी तर कशी घ्यावी. मी सांगत असे, स्वस्त घ्या. कुठल्याही गावात दुरुस्त होते, चार माणसांत उचलता येते. हे खरं होतं. पण त्या चामड्याच्या सीटवर बसल्यावर उठावंसं वाटत नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळा लागता लागता आमच्या फाटकाशी एक लहान गाडी थांबली. तांबडी, नवी कोरी. चालवत शोभा होती. शेजारी वसंतराव, दोन्ही हात मांडीवर. निळी गाडी त्यांनी विकली होती, आणि जादा पैसे मोजून कुणाचा तरी नोंदणीतला नंबर घेतला होता. भिलाईहून इथपर्यंत ती एकटीने चालवत आली होती. मला आनंद झाला, आणि त्याखाली लगेच ती जुनी कळही उठली. तिच्या मडगार्डला ओरखडासुद्धा नव्हता.

आबा काठी टेकत फाटकापर्यंत गेले. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. शोभाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे-सुलटे करून पाहिले.

"एवढ्या दुरून आली. हात दुखले नं माय?"

मी ओट्यावर उभी होते. मला ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शोभाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताईचेबी दुखले असतीन आबा. ती तं यिथून तिथं आन् तिथून यिथं, दोन्ही वेळ चालवत होती. तिले इचारलं तुमी?"

आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जाड भिंगांतून त्यांचे डोळे मोठे आणि गोंधळलेले दिसत होते.

"तुहे दुखले होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले. दुखले होते. खांद्यापासून बोटांपर्यंत, चांगले आठवडाभर.