ग्रेहाऊची शेवटची दोनशे पावलं

"मग हा दगड माझ्या हातात कसा आला? पाय फुटले त्याला? चालत आला डोंगरावरून?"

"माझ्या कोटाच्या खिशात हात घालायचं तुला कारण काय?"

"काडेपेटी शोधत होतो."

"नाकात ऑक्सिजनची नळी घालून काडेपेटी! घर उडवून देणार होतास का?"

"विषय बदलू नकोस, ईनिड. तू वर गेलीच नाहीस."

"गेले होते. चारदा गेले. ऑक्टोबरात, फेब्रुवारीत, एप्रिलात, जूनमध्ये. तू या खुर्चीत बसून दुर्बिणीतून बघतच होतास की!"

"गडग्याच्या टोकापर्यंत बघत होतो. त्याच्या वर कधी दिसलीस? विचारलं की तुझं आपलं ठरलेलं, धुकं होतं म्हणून."

"होतंच धुकं."

"जूनमध्ये? त्या दिवशी खालची पोरं उघड्या अंगाने तळ्यात डुंबत होती!"

"जूनमध्ये तुला डुलकी लागली होती, म्हाताऱ्या."

विल्फने दगड टेबलावर ठेवला. डुलक्या हल्ली लागत होत्या, हे खरंच होतं. म्हणून तर जूनमध्ये तिने वर जाऊन आले म्हणून सांगितलं आणि त्याने मुकाट्याने मान्य केलं. पण दगडाला डुलकी लागत नाही. तळहाताएवढी, हिरवट पाटीच्या दगडाची ती चकती त्याने स्वतः छिन्नीने तासली होती. गेल्या ऑक्टोबरात घरात हे घरघरणारं मशीन आलं, त्याच आठवड्यात त्याने ती तिच्या हातात ठेवली होती. इथले लोक डोंगरमाथ्यावर पोचले की तिथल्या राशीवर आपला एक दगड ठेवतात. "माझ्या वतीने ठेव," तो म्हणाला होता. "आणि ती लाल टोपी घाल. आभाळासमोर उभी राहिलीस की मला इथून दिसशील."

वर्षभर तो दगड तिच्या खिशात राहिला. नेच्यातून गेला, बर्फातून गेला. मेंढ्यांची काळी कोकरं दुधासाठी धडका देत होती तेव्हाही गेला. आणि चारही वेळा तसाच परत आला.

विल्फ टायसन म्हणजे गडगे घालणारा माणूस. बाप तेच करायचा, आजाही तेच. चुना नाही, माती नाही, नुसती दगडावर दगड रचलेली भिंत. आठवड्याचे सहा दिवस डोंगरावर गडगे घालायचे आणि सातव्या दिवशी पुन्हा डोंगरावर, पण मोकळ्या हाताने. खोऱ्यातले शेतकरी त्याला हसायचे. मेंढरू हरवलं नसताना कोण शहाणा माणूस वर जातो? "विल्फ, पोस्टमन कधी रविवारी घरोघर फिरतो का रे?" यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "रविवारी दगड जागचे हलत नाहीत ना, ते बघायला जातो."

ईनिड जहाजं बांधणाऱ्या गावातून इथे शाळेत स्वैपाकाला आली, चौऱ्याहत्तर साली. पहिल्याच रविवारी टाचांच्या बुटांत त्याच्याबरोबर निघाली. पहिल्या ओढ्याला टाच तुटली, तेव्हा त्याने तिला पाठीवर घेतलं. पलीकडे उतरवताना ती म्हणाली, "परत येताना मी तुला घेईन." तेव्हापासून दोघांनी यादी धरली. इथल्या दोनशे चौदा डोंगरांची एक यादी आहे आणि ती पुरी करण्यात माणसांची आयुष्यं जातात. यांनी दोनशे तेरा केले.

राहिला तो ग्रेहाऊ. घराच्या अगदी पाठचा. स्वैपाकघराच्या खिडकीतून दिसतो, रोज दिसतो, म्हणूनच राहिला. घरचाच तर आहे, पळून कुठे जातोय? शेवटचा म्हणून ठेवू, ईनिड नोकरीतून सुटली की आल्याचा केक घेऊन जाऊ. मग ती सुटली. मग म्हणे शरदात नेचा लाल होऊ दे, मग म्हणे जरा स्वच्छ दिवस उजाडू दे. दिवस उजाडत गेले, आणि तेवढ्या वेळात आयुष्यभर दगड फोडून छातीत गेलेली धूळ जागी झाली.

सगळ्यात अवघड गोष्ट ही, की त्या डोंगरावर त्याने दोन उन्हाळे काम केलं होतं. पडलेला गडगा त्याने तळापासून वर बांधत नेला. गडगा माथ्याच्या दोनशे पावलं अलीकडे संपतो. त्या दोन उन्हाळ्यांत तो रोज दुपारी माथ्याकडे पाठ करून भाकरीचा डबा उघडायचा. जमिनीचा मालक वैतागून म्हणायचा, "अरे, निदान वर जाऊन मुतून तरी ये!" विल्फ मान हलवायचा. "तो ईनिडबरोबर करायचाय." दोनशे पावलं! तेव्हा तो धावत गेला असता. आता या खुर्चीपासून संडासापर्यंत सतरा होतात आणि मध्ये दोनदा थांबावं लागतं.

"आज जा," तो म्हणाला. "बघ बाहेर. काच पुसल्यासारखी हवा आहे."

"राहू दे की एक. घाई काय आहे?"

"घाई मला आहे."

ईनिड टेबल पुसत होती, ती पुसतच राहिली. मंगळवारी नर्स आली होती. विल्फने तिला सहज विचारलं होतं, नाताळला केक खाल्ला तर चालेल का? ती पोरगी भली होती, तिला खोटं बोलता येईना. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"तुला माहितीये," ईनिड टेबलाकडे बघत म्हणाली, "गडगा संपतो तिथला शेवटचा दगड तू असा बसवलायस, की पाठ बरोब्बर टेकते. मी तिथे बसते आणि डबा काढते. सँडविच दोन असतात, विल्फ. अजून दोनच करते मी. मग तिथून उठवत नाही."

"दुसरं कोण खातं?"

"मेंढ्या."

"माझं चीज तू मेंढ्यांना घालतेस?"

"तुझ्यापेक्षा कौतुकाने खातात."

तो हसला आणि हसू खोकल्यात अडकलं. खोकला लांबला. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मशीन घरघरत होतं.

"पोरी," दम लागलेल्या आवाजात तो म्हणाला, "मला तू वर दिसायला हवीस. एकदा. आभाळाला लागून. मग झालं माझं."

"म्हणूनच नाही जात मी."

पन्नास वर्षांत गडग्यातला कुठलाही वाकडा दगड त्याने फिरवून फिरवून जागेवर बसवला होता. तिचं हे उत्तर कुठल्याच बाजूने बसेना.

ईनिड आत गेली. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. थर्मास भरला. ती परत आली, बाकावर बसून बूट बांधू लागली. म्हातारी बोटं, नाडी दोनदा सुटली. पूर्वी तो वाकून बांधून द्यायचा.

"माथ्यापर्यंत ना?" त्याने विचारलं.

तिने कोट घातला. काठी घेतली. दार उघडलं तसा थंड वारा आत आला आणि टेबलावरचं वर्तमानपत्र हललं. त्याने टेबलाकडे पाहिलं. दगड तिथे नव्हता.

आणि खुंटीवर लाल टोपी तशीच होती.

तो उठला. नऊ पावलं झाली, खुंटीपाशी थांबला, टोपी काढली. आणखी पाच. उंबरठ्याशी नळी ताणली आणि नाकाला ओढ बसली. त्यापुढे नळी जात नव्हती. करड्या कोटातली ईनिड फाटकापाशी पोचली होती. करडा कोट, करडा डोंगर, करड्या मेंढ्या. दुर्बिणीला काय सापडणार होतं?

"ईनिड! टोपी!"

आवाज एवढासा निघाला, उंबरठ्याच्या आतच विरला. त्याने हात वर केला, टोपी हलवली.

"ईनिड, दगड ठेवशील ना?"

फाटकाची कडी वाजली. ती लाल नेच्यातून वर जाणाऱ्या वाटेला लागली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.