ड्राय-रनमधली जास्तीची ओळ

मी कॉम्प्युटरवाली बाई. भूत, करणी, बाहेरची बाधा… असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठायचे. म्हणून हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

भिवंडीजवळ कशेळीला एका गोदामात मी आयटी सांभाळते. धान्याला कीड लागू नये म्हणून तिथे हॉल बंद करून विषारी धूर सोडतात. शटर पाडायचं आणि धुराचं मशीन चालू करायचं काम माझी एक स्क्रिप्ट करते. अशा स्क्रिप्टला मी 'ड्राय-रन' हा ऑप्शन ठेवतेच. कमांडपुढे तो टाकला की प्रत्यक्ष काही घडत नाही, काय काय घडेल ते फक्त स्क्रीनवर दिसतं.

त्या दुपारी आमचे सुपरवायझर नासिरभाई हॉल बघून आले. "ताई, आत कोणी नाय. करा चालू."

मी आधी ड्राय-रन घेतला. शटर बंद होतील… मशीन सुरू होईल… हे मेसेज मी इंग्रजीत लिहिलेले. त्यांच्याखाली एक ओळ मराठीत होती.

माणूस मरेल.

कुणीतरी मस्करी केली असणार म्हणून मी फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली. ती ओळ त्यात कुठेच नव्हती.

नासिरभाईंनी स्क्रीन वाचली आणि ते हॉलकडे पळाले. मीही मागे. अगदी कोपऱ्यात, गोण्यांच्या थप्पीमागे आमचा लोडर रामसूरत आडवा पडला होता.

"पेट में गैस हुआ है मैडम, थोड़ा लेट गया था."

त्याला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. "वाचला," नासिरभाई म्हणाले. मी पुन्हा ड्राय-रन घेतला.

ओळ तशीच होती.

आम्ही टॉर्च घेऊन थप्पीन् थप्पी पालथी घातली. हॉल रिकामा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवून पाहिलं. तीच ओळ. तेव्हा नासिरभाई हळूच म्हणाले, "ताई… आतलं नसंल हे."

आम्ही दोघांनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं. रामसूरत घामाने निथळत होता, ओठ काळपट पडलेले.

गोदामाच्या गाडीतून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. हार्ट अटॅक होता. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. तो सावरतोय असा निरोप आल्यावर मी घाबरत घाबरत ड्राय-रनची कमांड दिली. शटर बंद होतील, मशीन सुरू होईल. खाली काही नव्हतं.

लॉग तपासले, ओळखीच्या दोघा प्रोग्रॅमरना कोड दाखवला. कुणाला काही सापडलं नाही.

बरा झाल्यावर रामसूरत बायकोला घेऊन भेटायला आला. ती माझा हात धरून म्हणाली, "दीदी, ये तो बोल रहे थे कि गैस है. आपको किसने बताया?"

मी नासिरभाईंकडे पाहिलं. मग चहा टाकायला उठले.